स्तनकर्करोगानंतर हातावरची सूज
स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्या किंवा तिथे किरणोपचार दिले, की लसिकेचा निचरा अडून त्या बाजूचा हात सुजू शकतो. यालाच लिम्फेडिमा म्हणतात. उपचारांनंतर काही वर्षांनीही तो उद्भवतो. बांगडी अडकणे, ब्लाउजची बाही घट्ट होणे ही सुरुवातीची लक्षणे. सूज कायमची जाईलच असे नाही, पण आटोक्यात ठेवता येते. त्वचा स्वच्छ व मऊ ठेवावी, भांडी घासताना हातमोजे घालावेत, चीर पडल्यास लगेच जंतुनाशक लावावे. तज्ज्ञांनी मापाने दिलेली दाबबाही वापरावी, शिकवलेला हलका व्यायाम नियमित करावा, वजन वाढू देऊ नये. हात लाल व गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.