तुटलेला संदर्भ आणि त्याची दुरुस्ती : मुक्त ज्ञानकोशाच्या निमित्ताने

नागपूरच्या गांधीबागेविषयी मुक्त ज्ञानकोशात नोंद लिहू पाहणाऱ्याच्या हाती दोन प्रकारची साधने लागतात. एक, रसेल यांनी संपादिलेले १९०८ चे व त्यानंतरचे १९६६ चे जिल्हा गॅझेटियर. दुसरे, तेथील ठोक कापडबाजारासंबंधीच्या वृत्तपत्रीय बातम्या. पहिल्याचा पृष्ठांक आजही उपयोगी पडतो. दुसऱ्याचा आंतरजालावरील पत्ता मात्र संकेतस्थळाची रचना बदलताच निकामी होतो. विधान उरते, आधार नाहीसा होतो.

केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'च्या २३ खंडांमागे संपादकाचे नाव उभे होते. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही लिहू शकतो. तेथे विधानाचे प्रामाण्य लेखकावर नव्हे, संदर्भावरच अवलंबून असते. म्हणून तुटलेला संदर्भ ही तेथे किरकोळ बाब ठरत नाही.

दुरुस्ती करताना प्रथम पाहावयाचे ते हे, की मजकूर स्थलांतरित झाला आहे की नष्ट. स्थलांतरित असल्यास शीर्षकावरून नवा पत्ता सापडतो. नष्ट असल्यास 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुनी प्रत शोधावी लागते. एकाच पानाच्या अनेक प्रती तेथे असू शकतात. मूळ लेखकाने पान पाहिल्याच्या दिनांकाला जवळची प्रत निवडणे इष्ट. हे काम पाठचिकित्सेहून फारसे निराळे नाही. प्रत मिळाली एवढ्याने भागत नाही. संबंधित विधान तीत खरोखर आहे काय, हे वाचूनच ठरवावे लागते. जुळतासा दिसणारा दुसराच दुवा तेथे चिकटविणे ही दुरुस्ती नव्हे, प्रक्षेप होय. दुर्दैवाने हाच प्रकार अधिक आढळतो. काहीच न सापडल्यास दुवा मृत असल्याची खूण करावी. संदर्भ पुसून टाकू नये, कारण लेखक, शीर्षक, दिनांक यांच्या आधारे ग्रंथालयातील छापील अंक तरी गाठता येतो. नुसता पत्ता नोंदविणाऱ्याने ही वाटही बंद केलेली असते.

मराठीपुरती एक अडचण निराळीच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रे आपापल्या स्वतंत्र टंकांत मजकूर देत. अशा पानाची प्रत जतन झालेली असली, तरी तो टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. संदर्भ तुटलेला नसतो. तो वाचता येत नाही इतकेच. टंक ओळखून परिवर्तक वापरल्यास बातमी पुन्हा उलगडते. अशा संदर्भासोबत मूळ टंकाचे नाव आणि आवश्यक तेवढाच उतारा युनिकोडमध्ये नोंदविल्यास पुढील वाचकाला तीच खटपट करावी लागत नाही.