ठरलेले काम, हव्या त्या क्षणी

कार्यालयातील संगणकावर रोज रात्री ११ वाजता हिशेबाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आपोआप तयार होते. परंतु दुपारीच मूळ हार्ड डिस्क कुरकुरू लागली, तर रात्रीपर्यंत थांबणे परवडणारे नसते. अशा वेळी वेळापत्रक न मोडता तेच काम ताबडतोब करवून घेता येते.

विंडोजमधील ‘टास्क शेड्युलर’ नेमून दिलेली कामे ठरल्या वेळी पार पाडतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये त्याच्या जोडीला ‘एससीएचटास्क्स’ ही आज्ञा मिळाली. तिला ‘रन’ हा पर्याय व कामाचे नाव जोडून ती ओळ बॅच फायलीत साठवली, की झाली स्क्रिप्ट तयार. तिच्यावर दोनदा क्लिक करताच काम सुरू होते. रात्रीची वेळ मात्र कायम राहते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पडद्यावर येणारा यशाचा संदेश काम सुरू करण्याची सूचना पोहोचल्याचा असतो, काम पूर्ण झाल्याचा नव्हे. काम नोंदवताना साठवलेला पासवर्ड मधल्या काळात बदलला असेल, तर प्रत तयारच होत नाही आणि सारे निर्धास्त राहतात! म्हणून ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात शून्य आहे का, हे पाहावे. शून्य हे सहसा यशाचे चिन्ह. तरीही प्रतीतील एखादी फाइल उघडून खात्री करून घेणे उत्तम.