तळघरातील पाणी : कारणे आणि प्रतिबंध

उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात जमिनीखाली खोली बांधण्याची प्रथा जुनी आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील काही महालांखालीही असे तहखाने आहेत. उन्हाळ्याच्या काहिलीत जमिनीखालची जागा थंड राहते, हा त्यांचा मुख्य लाभ होता. आज दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथे तळघरे बांधली जातात ती मुख्यतः जागेच्या टंचाईमुळे. हेतू बदलला असला, तरी तळघर हा मुळात जमिनीत खोदलेला खड्डा असतो आणि पाण्याची ओढ सखल भागाकडेच असते, ही गोष्ट बदललेली नाही.

तिच्याकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम किती भीषण असू शकतो, हे २७ जुलै २०२४ रोजी दिसून आले. दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगर या वस्तीत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी देशभरातून, महाराष्ट्रातूनही, विद्यार्थी येऊन राहतात. त्या सायंकाळी रस्त्यावर तुंबलेले पावसाचे पाणी तेथील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात वेगाने शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. ते तळघर साठवण व वाहने ठेवणे यांसाठी मंजूर झालेले होते. प्रत्यक्षात तेथे अभ्यासिका चालत होती.

तळघरात पाणी प्रामुख्याने तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग वरून, म्हणजे रस्ता, अंगण आणि छप्पर यांवरील पावसाच्या पाण्याचा. दुसरा गटारातून उलट येणाऱ्या पाण्याचा. तिसरा जमिनीत मुरलेल्या पाण्याचा. हे पाणी भिंतींतून व तळातून आत झिरपते. उपाय योजण्यापूर्वी पाणी कोणत्या मार्गाने येत आहे, हे निश्चित करणे आवश्यक असते.

दिल्लीत वर्षाकाठी सरासरी सुमारे ७७५ मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा कोकणाच्या मानाने अगदी अल्प आहे. परंतु त्यातील बराचसा पाऊस थोड्याच दिवसांत कोसळतो. २८ जून २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सफदरजंग येथे २२८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एवढ्या पावसाचे सुमारे २२,८०० लिटर पाणी जमा होते. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच सोडले, तर त्याचा मोठा भाग तळघराच्या भिंतीलगतच्या मातीत मुरतो. म्हणून हे पाणी नळाने घरापासून दूर न्यावे आणि अंगणाचा उतार घराकडून बाहेरच्या बाजूस ठेवावा. पर्जन्यजल मुरवण्याचा खड्डाही तळघराच्या भिंतीला लागून घेऊ नये. अन्यथा भूजल वाढवण्याचा उपायच ओलीचे कारण ठरतो.

रस्त्याचे पाणी अडवण्यासाठी उतरत्या वाटेच्या तोंडाशी उंचवटा हवा. उतार थेट रस्त्याच्या पातळीपासून सुरू झाला, तर लोट सरळ आत येतो. प्रथम थोडा चढ आणि मग उतार अशी रचना केल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र अनेक वस्त्यांत जुना थर न खरवडता डांबराचे नवे थर चढवले जातात आणि रस्ता हळूहळू घरापेक्षा उंच होतो. त्यामुळे पूर्वी पुरेसा असलेला उंचवटा आजही पुरेसा आहे काय, हे दर पावसाळ्यापूर्वी तपासून पाहावे.

गटाराच्या उलट्या प्रवाहाचे कारण घरापासून बरेच दूर असू शकते. दिल्लीतील नाले अखेरीस यमुनेला मिळतात. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. नदी अशी फुगली की नाल्यांचे पाणी तिच्यात सामावत नाही. ते मागे हटते. तळघरातील मोरी किंवा शौचकूप रस्त्यावरील गटाराहून खालच्या पातळीवर असल्यास हे पाणी तेथून वर येते. त्यासाठी नळात एकमार्गी झडप बसवावी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे तळघरातील सांडपाणी एका खड्ड्यात गोळा करून पंपाने वर चढवणे. वीज गेल्यावरही पंप चालेल, अशी व्यवस्था मात्र हवी.

जमिनीतील पाण्याची स्थिती सर्वत्र सारखी नसते. यमुनेच्या खादर प्रदेशात भूजल उथळ असते. दक्षिण दिल्लीत अनेक ठिकाणी ते पुष्कळ खोल गेले आहे. भूजलाची पातळी तळघराच्या जमिनीहून दोन मीटर वर आली, तर तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून सुमारे दोन टनांचा दाब येतो. आतून लावलेला रंग किंवा गिलावा हा दाब सोसू शकत नाही. काही काळाने पोपडे निघतात आणि भिंतीला लोणा धरतो. जलरोधक थर हा बांधकामाच्या वेळीच, तळाखाली व भिंतींच्या बाहेरच्या अंगास, अखंड द्यावा लागतो. तळ आणि भिंत यांच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते.

भिंतीवर दिसणारी प्रत्येक ओल मात्र बाहेरची नसते. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजू ओली झाल्यास पाणी भिंतीतून येत आहे, असे समजावे; खोलीकडील बाजूवर थेंब जमल्यास ते हवेतील दमटपणाचे असतात आणि तेथे वायुवीजन सुधारणे हाच उपाय ठरतो.

इतके करूनही तळघर पूर्णपणे निर्धोक झाले असे मानू नये. एक मीटर रुंद दारामागे एक मीटर पाणी साचले, तर त्या दारावर सुमारे पाचशे किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो आणि पाण्याच्या दिशेने उघडणारे दार माणसाच्या बळाने उघडत नाही. म्हणून विजेचे फलक व जोडण्या उंचावर असाव्यात, बाहेर पडण्यास दुसरा मार्ग असावा आणि पाणी शिरू लागताच सामान वाचवण्यासाठी कोणीही खाली उतरू नये. ज्या कामासाठी तळघराला परवानगी मिळाली असेल, त्याच कामासाठी ते वापरावे. साठवणीच्या जागेत पाणी शिरले तर वस्तूंची हानी होते. तेथे माणसे बसवली, तर तेच पाणी त्यांच्या जिवावर बेतते.