३७७ लागू असताना मुंबईतल्या दोन मुलींच्या प्रेमावर ग्राफिक कादंबरी आली होती

समजा, वसईच्या पाचूबंदरात राहणारी एक मुलगी आहे. सकाळी रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठायचं, चर्चगेट लोकलमध्ये कसंबसं उभं राहायचं आणि मोबाईल काढायचा, हा तिचा रोजचा कार्यक्रम.

आता गर्दीच्या लोकलचा एक नियम सगळ्यांनाच माहितीये. मोबाईल तुमचा असला तरी स्क्रीन आजूबाजूच्या चौघींची असते.

ती मुलगी कादंबरी वाचत असेल, तर बाजूचीला फक्त ओळी दिसतात. पण ती कॉमिक्स वाचत असेल आणि त्यात दोन मुली एकमेकींच्या मिठीत असतील, तर ते वाचावं लागत नाही. एका नजरेत कळतं.

समलिंगी प्रेमाच्या कॉमिक्सवर इतका गदारोळ का होतो, याचं एक मोठं कारण हेच आहे.

लिहिणाऱ्याकडे पळवाट असते. "माझं एका व्यक्तीवर प्रेम आहे" असं लिहिलं की ती व्यक्ती बाई आहे की पुरुष, हे गुलदस्त्यात राहतं. चित्रकाराला ही सोय नाही. त्याला चेहरा काढावाच लागतो.

तसं कॉमिक्स आणि रोमान्स हे नातं जुनं आहे. १९४७ साली अमेरिकेत 'यंग रोमान्स' नावाचं नियतकालिक आलं. काढणारे होते जो सायमन आणि जॅक कर्बी, म्हणजे ज्यांनी 'कॅप्टन अमेरिका' घडवला तीच जोडी. पाठोपाठ प्रेमकथांच्या कॉमिक्सची लाटच आली.

आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागले आणि वेताळ मराठी घरांत पोहोचला. वेताळ आणि डायना पामरचं प्रेम १९३६ च्या पहिल्याच कथेपासून सुरू होतं. लग्न लागायला मात्र १९७७ उजाडलं. वाचकांनी तब्बल ४१ वर्षं वाट पाहिली, पण हे लग्न कधीतरी होणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या गोष्टीला ही खात्री नव्हती.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. प्रेमकथेत घराचं आणि लग्नाचं पावित्र्य जपलं पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. 'लैंगिक विकृती'चा नुसता सूचक उल्लेखही चालणार नव्हता. समलैंगिकता त्या काळी याच शब्दात मोडायची. कोड सैल व्हायला १९८९ साल यावं लागलं. १९९२ मध्ये मार्व्हलच्या नॉर्थस्टार या सुपरहिरोने आपण गे असल्याचं सांगितलं आणि २०१२ मध्ये कॉमिक्सच्या पानावर त्याचं लग्नही लागलं.

म्हणजे विषय संपला? नाही.

२०१९ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात मोठं पुस्तक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या ॲव्हेंजर्सच्या एका कॉमिक्समध्ये दोन तरुण सुपरहिरो एकमेकांचं चुंबन घेताना दाखवले होते. दोघांच्या अंगावर पूर्ण कपडे होते. तरीही महापौर मार्सेलो क्रिवेला यांनी ते पुस्तक हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर 'फोल्हा' या वृत्तपत्राने तेच चित्र पहिल्या पानावर छापलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि महापौरांना माघार घ्यावी लागली.

आता मुंबईत येऊ.

मराठीत विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' या नाटकात एका मुलीचं मुलीवरचं प्रेम १९८१ सालीच मांडलं होतं. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबॉल्ट ब्लू' ही कादंबरी आली. पण पडद्यावरच्या चित्राचा अनुभव वेगळा होता. १९९८ मध्ये दोन जावांच्या प्रेमावरचा 'फायर' सिनेमा लागला, तेव्हा मुंबईत थिएटरची तोडफोड झाली होती.

त्यानंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये, अमृता पाटील यांची 'कारी' ही इंग्रजी ग्राफिक कादंबरी आली. ग्राफिक कादंबरी म्हणजे चित्रांतून सांगितलेली मोठी, सलग गोष्ट. पाटील गोव्यात वाढलेल्या. त्यांनी कला महाविद्यालयात शिक्षण घेतलं, मुंबईत जाहिरातींसाठी कॉपीही लिहिली. 'कारी'ची गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच. लेस्बियन नायिका असलेली भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

सुरुवातच अंगावर येते. कारी आणि रूथ या दोघी प्रेमात आहेत आणि दोघी वेगवेगळ्या इमारतींवरून उडी मारतात. रूथ जाळीत अडकून वाचते आणि शहर सोडून जाते. कारी गटारात पडते, तीही वाचते.

पुढचं सगळं पुस्तक वाचलेल्या कारीबद्दल आहे. ती जाहिरात कंपनीत शाम्पूच्या जाहिरातींवर काम करते. खच्चून भरलेल्या फ्लॅटमध्ये मैत्रिणी आणि त्यांच्या बॉयफ्रेंड्ससोबत राहते. मरणाच्या दारात असलेल्या एका बाईशी तिची मैत्री होते. चित्रं बहुतेक काळी-करडी आहेत, मध्येच रंग येतो. आपण मुलींवर प्रेम का करतो, याचं स्पष्टीकरण कारी देत बसत नाही. आणि शेवटी ती पुन्हा गच्चीच्या कडेला येते, पण या वेळी मागे फिरते.

क्वीअर पात्र शेवटी मरतं, हे अनेक गोष्टींमध्ये ठरलेलं असायचं. पाटील यांनी ते मरण पहिल्याच पानांवर आणलं आणि नायिकेला त्यातून बाहेर काढलं.

हे पुस्तक आलं तेव्हा कलम ३७७ लागू होतं, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध अखेर गुन्ह्यातून वगळले गेले. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मिळाला नाही.

आज चित्र बदललंय. ॲलिस ओसमनचं 'हार्टस्टॉपर' २०१६ पासून इंटरनेटवर फुकट वाचता येऊ लागलं. शाळेतल्या दोन मुलांची ही साधी प्रेमकथा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. अशी गोष्ट वाचायला आता दुकानात जाऊन पुस्तक मागावं लागत नाही. पाचूबंदरातल्या त्या मुलीच्या मोबाईलवर ती एका क्लिकवर आहे.

कायद्याने तिचं वाचन कधीच गुन्हा नव्हतं आणि तिचं प्रेमही आता गुन्हा नाही. तरी बाजूची डोकावली की तिचा अंगठा पटकन स्क्रीन बंद करतो का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर कोर्टात मिळत नाही, डब्यातल्या बाकीच्या चौघींकडे असतं.