नळातले तेल, बांधावरची नजर
तेल-वायूचा ऑपरेटर नेमके करतो काय, आणि पाइपलाइन शेताखालून गेलेल्या गावाने काय करावे?

कळंबोली : पुण्याचा द्रुतगती मार्ग, सायन-पनवेल रस्ता आणि जेएनपीटीचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, त्या कळंबोली सर्कलला तेलाच्या आणि गॅसच्या टँकरची वर्दळ नवी नाही. टँकर डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस दोन हात लांब राहतो. पण त्याहून कितीतरी जास्त तेल आणि वायू जमिनीखालच्या नळांतून वाहत असतो. दहेज-उरण आणि दाभोळ-पनवेल या गॅसच्या मोठ्या लाइनी याच पट्ट्यात येऊन मिळतात. वर भातखाचर, खाली नळ. वरच्याला खालचा ठाऊक नाही, खालच्याची राखण करणाऱ्याला वरचा ठाऊक नाही, अशी गत.

ही राखण करणारा माणूस म्हणजे ऑपरेटर. विहिरीवर, प्लँटवर, लाइनीवर चोवीस तास पाळीने उभा असतो तो हाच. आपल्या भागातली कितीतरी पोरे उरणच्या आणि आसपासच्या प्लँटवर कामाला जातात. पण "पोरगा करतो काय?" म्हणून विचारले तर घरचे एवढेच सांगतात, "कंपनीत व्हॉल्व्ह फिरवतो." हे काम तेवढ्यावर संपत नाही.

समुद्रातून युरियाच्या गोणीपर्यंत

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, भर समुद्रात, १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधले. तेच बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय. २१ मे १९७६ पासून तिथून तेल निघू लागले. पुढे समुद्राच्या तळाशी सुमारे दोनशे किलोमीटर नळ टाकून ते थेट उरणला आणले. उरणच्या ओएनजीसी प्लँटमध्ये तेल आणि वायू वेगळे होतात, स्वयंपाकाचा गॅस निघतो. उरणच्या बोकडविऱ्याला गॅसवर चालणारे वीज केंद्र उभे राहिले, अलिबागजवळ थळला १९८५ च्या सुमारास आरसीएफचा खत कारखाना सुरू झाला. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन, त्यातून अमोनिया आणि अमोनियातून युरिया असा हा प्रवास आहे. म्हणजे आपण भाताला मारतो त्या युरियाच्या गोणीच्या एका टोकाला कुठल्या तरी विहिरीवरचा ऑपरेटर उभा आहे.

उघाडीवाल्याचे काम

खारबंदिस्तीच्या गावांना हे काम समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. बांधाला उघाडी असते. ओहोटीला उघडायची, शेतातले पाणी बाहेर जाऊ द्यायचे. भरतीला दार घट्ट बसले की नाही ते पाहायचे. आणि येता-जाता बांधावर नजर ठेवायची. चिंबोरीचे बीळ वेळेवर बुजवले तर मूठभर चिखलात भागते. नाही बुजवले तर एका उधाणात खांड जाते आणि शेकडो एकर खारे होते.

ऑपरेटरचे नेमके हेच काम, फक्त पाण्याऐवजी तेल-वायू आणि भरतीऐवजी जमिनीच्या पोटातला दाब. विहिरीच्या तोंडावर व्हॉल्व्हची एक उतरंड बसवलेली असते. तिला तेलवाले 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. त्यात चोक असतो, म्हणजे बारीक तोंडाची उघाडीच. चोक किती उघडायचा यावर विहीर किती देणार ते ठरते. जास्त उघडला तर वाळू, पाणी वर येते आणि विहीर लवकर खराब होते. कमी उघडला तर उत्पन्न घटते. काही बिघडलेच तर आपोआप मिटणारे सुरक्षा-व्हॉल्व्ह वरही असतात आणि विहिरीच्या आत खोलवरही असतात. ते खरोखर मिटतात की नाही, हे ठरलेल्या मुदतीने तपासणे हेही ऑपरेटरचेच काम.

विहिरीतून शुद्ध तेल वर येत नाही. तेल, पाणी, वायू सगळे एकत्र येते. ते मोठ्या बंद टाकीत जाते, तिला सेपरेटर म्हणतात. वायू वर चढतो, पाणी तळाला बसते, तेल मध्ये राहते. ताकावरून लोणी काढणारीला हे सांगायला नको. पाण्याची पातळी वर सरकली तर तेलात पाणी जाते, तेलाची पातळी वर सरकली तर वायूच्या लाइनीत तेल जाते आणि पुढचा कॉम्प्रेसर बसतो. म्हणून पातळीवर सतत लक्ष.

विहीर जुनी झाली की तिचा जोर ओसरतो, पाणी वाढते. मुंबई हायच्या विहिरींचेही तेच झाले. मग वायूच दाबाने परत खाली सोडून तेल हलके करून वर आणतात. बोअरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून पाणी उपसणे आपल्या शेतकऱ्याने पाहिलेले आहे. युक्ती तीच.

कान, हात आणि वही

"आता सगळे कॉम्प्युटरवर दिसते, मग माणूस कशाला?" असे कोणी विचारील. कंट्रोल रूमच्या पडद्यावर दाब, तापमान, पातळी दिसते हे खरे. पण पंपाचा आवाज बदलला, बेअरिंग हाताला नेहमीपेक्षा गरम लागते, जोडाखाली तेलाचा एक थेंब आहे, हे पडद्यावर उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. चांगला ऑपरेटर फेरीला निघतो तेव्हा गेजची सुई वाचतोच, शिवाय ती सुई खरे बोलते का हेही बघतो. काचेच्या नळीतली पातळी एक सांगते आणि गेज दुसरे, तर कुठले तरी एक खोटे.

एकच आकडा चार गोष्टी सांगतो. विहिरीचा दाब उतरला, तर तळाशी पाणी साचले असेल, वाळूने चोक झिजला असेल, कुठे गळती असेल, नाहीतर गेजच बिघडले असेल. नवशिका आकडा लिहून मोकळा होतो. जाणता माणूस बाजूच्या विहिरीचा दाब बघतो, काल-परवाची नोंद काढतो, नमुना घेऊन त्यात पाणी आणि गाळ किती ते बघतो, आणि मग वर कळवतो.

व्हॉल्व्ह फिरवण्यातही कसब आहे. उपसा सिंचनाची लाइन असलेल्या शेतकऱ्याला माहीत आहे, चालू पाण्यावर व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर दणका बसून पीव्हीसी पाइप फुटतो. मोठ्या दाबाच्या लाइनीत हीच चूक फार महाग पडते. म्हणून व्हॉल्व्ह सावकाश. आणि फिरवण्याआधी लाइन पायी चालून बघायची, ती कुठून आली, कुठे जाते, पुढचे तोंड उघडे आहे की मिटलेले.

दुरुस्तीचे काम निघाले की लेखी परवाना लागतो. वेल्डिंगसारखे ठिणगीचे काम असेल तर आधी त्या जागी वायू आहे का ते यंत्राने तपासायचे, लाइन तोडून व्हॉल्व्हला कुलूप घालायचे, कुलपावर चिठ्ठी लावायची. ज्याने कुलूप घातले त्यानेच काढायचे. पाळी बदलताना नुसते "सगळं ठीक आहे" चालत नाही. कुठला पंप बंद, कुठला परवाना उघडा, काय खटकले, हे वहीत लिहून समोरासमोर सांगायचे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ओएनजीसीची माणसे चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घर अशी राहतात. चौदा दिवसांनी येणाऱ्याला ती वहीच आधार.

बीळ बुजले नाही तर

२७ जुलै २००५ रोजी, मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय नॉर्थला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी जवळ आले, लाटेने आदळले आणि गॅसचा उभा नळ तुटला. आगीत २२ जण गेले आणि प्लॅटफॉर्म नष्ट झाला. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरण प्लँटच्या आगीत चौघांचा जीव गेला, त्यातले तिघे विझवायला धावलेले सीआयएसएफचे अग्निशमन जवान होते.

पण गावांनी नीट ध्यानात ठेवावी अशी घटना आंध्रातली आहे. २७ जून २०१४ रोजी पहाटे तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात गेलची गॅस पाइपलाइन फुटली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कोरड्या वायूसाठी असलेल्या लाइनीतून ओलसर वायू जात होता, त्याने नळ आतून गंजला, असे चौकशीत पुढे आले. आणि वास येतो म्हणून आम्ही आधी सांगितले होते, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. गावाने बीळ पाहिले होते. ते बुजवणाऱ्यापर्यंत गोष्ट पोहोचून काम झाले नाही. ऑपरेटर कितीही तरबेज असला तरी पन्नास कोसांच्या नळावर त्याचे दोनच डोळे. बाकीचे डोळे गावाचे.

शेताखालून लाइन गेली असेल तर

पाइपलाइनसाठी १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्याखाली जमीन कंपनीच्या मालकीची होत नाही, वापराचा हक्क तेवढा जातो. जमीन तुमची, पीक तुमचे. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला, शिवाय पिकाचे, झाडांचे नुकसान वेगळे. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' नोंद आहे का, ते तलाठ्याकडे बघून ठेवावे. जमीन विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तर नक्कीच.

त्या पट्ट्यात घर, गोठा बांधता येत नाही. विहीर, शेततळे खणता येत नाही. झाडे लावता येत नाहीत. कारण साधे आहे. नळ साधारण मीटर-सव्वा मीटर खोल असतो. नांगराला तो लागत नाही, पण जेसीबीच्या दाताला लागतो. ग्रामपंचायतीची गटार, नळपाणी योजनेची चारी, शेतरस्त्याची माती, यातली कुठलीही खोदाई काढण्यापूर्वी कंपनीला कळवावे आणि तिचा माणूस हजर असल्याशिवाय बादली जमिनीला लावू नये.

गळतीची चिन्हे अशी : पाणी साचलेल्या खाचरात बुडबुडे, जमिनीतून सूं-सूं आवाज, धूळ उडणे, हिरव्या पिकात एकाच जागी पिवळा-करपलेला डाग, पाण्यावर तेलाचा तवंग. नाकावर विसंबू नका. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, मोठ्या लाइनीतल्या गॅसला तो असेलच असे नाही.

असे दिसले तर वाऱ्याच्या उलट दिशेला, लांब व्हा. तिथे विडी-काडी नको, मोटरसायकल चालू करणे नको, पंपाचे बटण दाबणे नको, जागेवर उभे राहून मोबाइलही नको. लांब गेल्यावर लाइनीच्या फलकावरचा नंबर आणि ११२ लावा. व्हॉल्व्हला हात लावू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात, ओढ्यात साचतो, म्हणून सखल जागी थांबू नका.

पोरांनी हे शिकावे

ज्या गावांच्या जमिनी १९७० नंतर नवी मुंबईसाठी गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढीला प्लँटच्या गेटवर बहुधा ठेकेदाराच्या हाताखालचेच काम मिळाले. झाडू, ओझे, रंग. ऑपरेटरची खुर्ची मात्र शिकलेल्यालाच मिळते. दहावीला विज्ञान-गणित असलेल्या मुलामुलींना आयटीआयचा 'अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लँट' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्याच धर्तीचे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि मेंटेनन्स मेकॅनिकचे ट्रेड आहेत. त्यानंतर अप्रेंटिसशिप. केमिकल, मेकॅनिकल डिप्लोमा किंवा रसायनशास्त्राची बी.एस्सी. केलेल्यांनाही वाट आहे. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. रात्रपाळीत जागे राहण्याची, आकडा न फिरवता खरा लिहिण्याची आणि शंका आली तर साहेबाला उठवण्याची सवय लागते.

सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी यांनी एवढे करावे. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेला लाइनीच्या कंपनीचा माणूस बोलवावा, गावच्या नकाशावर लाइन काढून चावडीत लावावी, फलकावरचा नंबर सगळ्यांना द्यावा. लाइनीवरून पायी गस्त घालणारा लाइनवॉकर कोण, त्याला गावाने तोंडओळखीने ओळखावे. फलक पडला असेल, गवतात बुडाला असेल, तर तेवढी तक्रार आजच लेखी देऊन पोच घ्यावी.