अमेरिकी गराजमधली घडीची क्रेन

मिशिगनपासून कॅलिफोर्नियापर्यंत हजारो घरांच्या गराजमध्ये एक यंत्र घडी घालून भिंतीशी उभं असतं. त्याचं नाव इंजिन होइस्ट. मेकॅनिक त्याला चेरी पिकरही म्हणतात. जमिनीलगत पुढे गेलेले दोन लांब पाय, मागे उभा खांब, खांबाच्या डोक्यावर पिनेने अडकवलेला आडवा हात आणि त्या हाताला खालून रेटणारा हायड्रॉलिक जॅक, एवढीच त्याची रचना. पण या रचनेच्या जोरावर एकटा माणूस दांडा वरखाली करत बिडाचं इंजिन गिअरबॉक्ससकट बॉनेटखालून बाहेर काढू शकतो. आपल्याकडच्या गॅरेजात इंजिन उतरवायचं तर लोखंडी तिपाईला चेन-कप्पी टांगतात. अमेरिकेत कारागिराची मजुरी महाग आणि घराला गराज जोडलेलं, त्यामुळे हे काम पूर्वीपासून घरी आलं.

जॅकची मूळ कल्पनाही अमेरिकेत जुनी आहे. रिचर्ड डजन या न्यूयॉर्कच्या यंत्रकाराने 1851 मध्ये हलवता येणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. 1925 मध्ये मेम्फिसच्या पीटर लुनाटीने न्हाव्याची वर-खाली होणारी खुर्ची पाहून अख्खी गाडी उचलणारी लिफ्ट केली आणि त्यातून रोटरी लिफ्ट ही कंपनी उभी राहिली. पण घरच्या गराजात इंजिन काढण्याची चटक लावली ती हॉट रॉडवाल्या पोरांनी. फोर्डचं 1932 चं व्ही-8 इंजिन जुन्या हलक्या गाड्यांत बसवायचं आणि त्या गाड्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायच्या, हा त्यांचा छंद. 1948 च्या जानेवारीत त्यांच्यासाठी ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकही निघालं. पुढे 1955 साली शेवरोलेचं छोट्या ठेवणीचं व्ही-8 आलं. स्वस्त, मिळायला सोपं आणि जवळजवळ कुठल्याही गाडीत मावणारं. जनरल मोटर्सने 2011 मध्ये या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं. या इंजिनांच्या अदलाबदलीत किती गराजांचे किती शनिवार गेले असतील, याचा हिशेब कोण करणार?

क्रेन हाताशी नसे तेव्हा झाडाच्या फांदीला किंवा छपराच्या लाकडी कैचीला साखळी बांधून काम भागवलं जाई. कैचीची खालची तुळई छताचा पसरलेला भार पेलण्यासाठी असते. मधोमध एका बिंदूला लटकवलेलं इंजिन पेलणं हे तिचं काम नाही. ती मोडली तर इंजिनाबरोबर छपरही खाली येतं. म्हणून घडीची क्रेन ही केवळ सोय नाही, ती मोठी सुधारणा आहे असं मी मानतो.

तिच्यावर ‘2 टन’ असं ठळक लिहिलेलं असतं. धोक्याची सुरुवात तिथूनच होते. आडव्या हाताच्या आत दुसरी नळी असते. ती बाहेर ओढून पिनेने अडकवायची. प्रत्येक भोकापाशी वेगळा आकडा असतो: हात आखूड असेल तर 2 टन, मग दीड, मग एक, आणि पूर्ण लांबवला की अर्धा. भरलेली कळशी छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यांत जो फरक, तोच इथे. गंमत अशी की गाडीचं नाक ओलांडून इंजिनाच्या मध्यापर्यंत पोचायला हात लांबवावाच लागतो, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या वाट्याला अर्धा टनच येतो. अमेरिकी टन 2,000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोंचा. शेवरोलेचं बिडाचं व्ही-8 साधारण 260 किलोंचं, त्यात गिअरबॉक्स धरला तरी अर्ध्या टनात बसतं. पण डॉज पिकअपमध्ये 1989 पासून आलेलं कमिन्सचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन, ज्याची भावंडं आपण टाटांच्या ट्रकमध्ये पाहिली आहेत, ते एकटंच 500 किलोंच्या घरात जातं. लांबवलेल्या हातावर ते घ्यायचं नाही. घ्यायचंच असेल तर आधी रेडिएटर आणि पुढचा सांगाडा काढून क्रेन जवळ आणायची.

यानंतर साखळी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी सामान्य साखळी बांधण्यासाठी असते. ओझं टांगायला ग्रेड 80 ची लागते. इंजिनाला ती ग्रेड 8 च्या बोल्टांनी जोडायची. त्यांच्या डोक्यावर सहा रेघा असतात, त्या पाहूनच घ्यायचे. बोल्ट त्याच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे, दीडपट गेला तर उत्तम. साखळीचे दोन पदर आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील, तर 260 किलोंच्या इंजिनामागे प्रत्येक पदरावर सुमारे 150 किलोंचा ताण येतो. तेच पदर पसरून 30 अंशांवर आले, तर प्रत्येक पदरावर पुरते 260 येतात. इंजिन तेवढंच, पण साखळी आखूड घेतल्याने ताण जवळजवळ दुप्पट होतो.

उचलण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढणं, कूलंट आणि ऑइल काढून टाकणं, पेट्रोलच्या लाइनमधला दाब सोडणं हे सगळं आलं. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांपासून ते लांब ठेवा. एसीचा वायू हवेत सोडणं अमेरिकी कायद्यात गुन्हा आहे, तो प्रमाणपत्रधारक कारागिराकडूनच काढून घ्यायचा. मग सायलेन्सरचे बोल्ट. मिशिगन, ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे ते गंजून एकजीव झालेले असतात. प्रोपेलर शाफ्ट, गिअरचा दांडा, क्लचची जोडणी, शेवटी फाउंडेशनचे बोल्ट आणि गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा. इंजिन दोन-तीन बोटं वर आलं की थांबून चहूबाजूंनी टॉर्च मारून बघायचं. कुठेतरी अर्थिंगची एक पट्टी हमखास अडकलेली सापडते.

गिअरबॉक्ससकट काढताना तोंड वर, शेपूट खाली असा तिरपा झोक द्यावा लागतो. त्यासाठी साखळीच्या वर लेव्हलर नावाचं आट्याचं साधन असतं. हँडल फिरवलं की टांगण्याचा बिंदू पुढेमागे सरकतो.

इथवर सगळं धीम्या गतीने चाललेलं असतं, आणि माझ्या मते खरी जोखीम यानंतर येते. उचलणं सोपं, आडवं सरकवणं कठीण. बॉनेटच्या उंचीवर ओझं लटकलेलं असताना क्रेनचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. तिची चाकं लहान. एखादा नट किंवा खडा आडवा आला तरी ती जागच्या जागी अडतात आणि इंजिन झोका घेतं. शिवाय अमेरिकी घरांच्या गराजची फरशी पाणी निघून जावं म्हणून दाराकडे किंवा निचऱ्याकडे उतरती असते. म्हणून क्रेन हलवू नये, गाडी मागे ढकलावी. ती बाजूला झाली की इंजिन सरळ खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणावं आणि मग हवं तिथे न्यावं. उतरवताना जॅकची झडप पाव फेऱ्याहूनही कमी उघडावी. पुरी उघडली तर इंजिन धाडकन आपटतं.

आजच्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि खालचा सांगाडा एकत्र खाली उतरवतात आणि गाडी दोन खांबी लिफ्टवर वर उचलतात. तिथला सापळा निराळा. पुढचं वजन गेलं की गाडी मागे झुकते, म्हणून मागच्या बाजूला आधी उंच आधार लावावा लागतो. लिफ्ट घेताना ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट या 1945 पासून काम करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र पाहावं. उचललेल्या गाडीखाली आधाराला लावायची साधी घोडीसुद्धा डोळे झाकून वापरू नये. 2020 मध्ये हार्बर फ्रेट या मोठ्या दुकानसाखळीला तीन आणि सहा टनी घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्यांचे दाते भाराखाली निसटू शकत होते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. क्रेन भाड्याने मिळते आणि शेजाऱ्याकडून उसनीही मिळते. घेतल्यावर आधी तिचा हात ओझ्याविना पूर्ण वर-खाली करून सिलिंडर गळतो का पाहा, पिना आणि वेल्डिंग तपासा. काम एकट्याने करू नका. एकाने दांड्यावर, दुसऱ्याने इंजिनावर नजर ठेवावी. इंजिन टांगलेलं असताना कोणाचाही हातपाय त्याच्याखाली जाता कामा नये. आणि काम अर्धवट सोडून झोपायला जायचं असेल, तर इंजिन जमिनीवर किंवा स्टँडवर ठेवूनच जा. हायड्रॉलिक सिलिंडर रात्रभरात हळूहळू खाली बसू शकतो.