पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर

बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचं बोलणं संपलं की दवाखान्याच्या गोष्टी निघतात. जळगाव असो की धुळे, एक वाक्य आम्हाला गावोगावी ऐकू येतं, "पाठीतलं पाणी काढू देऊ नका, माणूस लुळा पडतो." या भीतीपायी सही न करता पेशंटला घरी नेणारी माणसं आहेत. म्हणून हे पाणी कुठलं आणि ते का काढतात, ते आज सांगतो.

मेंदूवर तीन आवरणं असतात. बाहेरचं गोणपाटासारखं जाड, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं, आतलं कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, मेंदूला चिकटलेलं. मधल्या आणि आतल्या आवरणांमध्ये नितळ पाणी खेळतं. मेंदूचं वजन साधारण 1400 ग्रॅम, पण या पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार 50 ग्रॅमइतकाच पडतो. विहिरीत बुडालेली भरली घागर हलकी लागते ना, तसंच. हेच पाणी मणक्यातून खाली कमरेपर्यंत येतं. सगळं मिळून 150 मिली, म्हणजे दीड-दोन कप चहाएवढं. पण शरीर रोज सुमारे 500 मिली नवं पाणी बनवतं आणि जुनं रक्तात मुरवतं. तपासणीला चमचा-दोन चमचे घेतात, ते काही तासांत भरून निघतं.

आता लुळं पडण्याचं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्याही खाली घालतात. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, ते खरं. पण पाणी काढावं लागतं तो पेशंट मुळातच गंभीर असतो. पुढे हातपाय गेले तर बहुतेक वेळा ते आजाराने जातात, नाव मात्र सुईचं होतं.

पाणी गढूळ आलं तर आवरणात पू झाल्याचा संशय येतो. मेंदूच्या आवरणाचा टीबी तर फार चोरपावलांनी येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, मूल किरकिरं, उलट्या, आणि आपण म्हणतो दृष्ट लागली. लहान मुलांना या टीबीपासून वाचवण्यासाठीच जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर बीसीजी देतात. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

कधी डॉक्टर आधी डोळ्यात बॅटरी धरून पाहतात, सीटी स्कॅनला पाठवतात. "उगाच खर्च" म्हणू नका. कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत सूज, रक्त किंवा गाठ वाढली की जागा उरत नाही, दाब वाढतो. अशा वेळी खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकू शकतो, म्हणून आधी खात्री करतात.

दाब वाढल्याची खूण कोणती? पहाटे उठताच डोकं ठणकणं, खोकलं किंवा वाकलं की जास्त, मळमळ नसताना भसकन उलटी, एकाचे दोन दिसणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुंगी. तान्ह्या बाळाची टाळू आपण रोज तेलाने भरतो, तेव्हा हाताला कळतं. बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना टाळू फुगलेली लागली तर दवाखाना. खोल गेलेली असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय.

मोटारसायकलवरून पडलेला माणूस उठतो, चहा पितो, "काही नाही झालं" म्हणतो, आणि दोन-चार तासांनी झोपाळतो. त्याला झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या. आत रक्त साचत असतं. म्हातारी न्हाणीत घसरली तर हेच रक्त हळूहळू, काही आठवड्यांनीही त्रास देतं.

चांदीपुरा तापाचं नाव ऐकलं असेल. 1965 मध्ये नागपूरच्या चांदीपुऱ्यात हा विषाणू पहिल्यांदा सापडला, 2003 मध्ये आंध्र-महाराष्ट्रात आणि 2024 मध्ये शेजारच्या गुजरातेत त्याने लहान मुलं नेली. ताप, झटके, मेंदूला सूज, सगळं काही तासांत. तो पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, त्या लिंपून घ्या.

झटका आला की कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे पोचल्यावर ताप कधी आला, उलटी कधी झाली, गुंगी कधीपासून, हे घड्याळाच्या वेळेनिशी सांगा.